जैवविविधतेतील निव्वळ वाढ (इंग्लंड)

नव्या बांधकामामुळे जागेवरच्या निसर्गाची जी हानी होईल ती भरून काढून वर किमान १० टक्के भर घालण्याची इंग्लंडमधील कायदेशीर सक्ती. व्यवहारात तिला ‘बीएनजी’ (बायोडायव्हर्सिटी नेट गेन) म्हणतात. पर्यावरण अधिनियम २०२१ने तिची तरतूद १९९० च्या नगररचना कायद्यात घातली. मोठ्या प्रकल्पांच्या नव्या अर्जांना ती १२ फेब्रुवारी २०२४ पासून आणि छोट्या प्रकल्पांना २ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. स्कॉटलंड आणि वेल्सची धोरणे वेगळी आहेत. तिथे दहा टक्क्यांची अट नाही.

सगळा डोलारा सरकारी मोजपट्टीवर उभा आहे. ती प्राणी-पक्षी मोजत नाही, अधिवास मोजते. हेक्टरमधले क्षेत्र, अधिवासाचे वैशिष्ट्य (म्हणजे तो किती मोलाचा) आणि त्याची स्थिती यांचा गुणाकार करून एकके काढतात. जागा स्थानिक निसर्ग आराखड्यातली असली तर थोडी वाढीव. गव्हाच्या ५ हेक्टर शेताला वैशिष्ट्याचे २ आणि स्थितीचा १ गुण धरला, तर १० एकके होतात. तिथे घरे बांधणाऱ्याने निदान ११ दाखवायची. डांबर-काँक्रीटला शून्य. नव्याने पेरलेल्या कुरणाचे गुण पुरते पदरात पडत नाहीत, कारण ते साधेल का आणि साधायला किती वर्षे लागतील, याची कपात आधीच होते. झुडपी कुंपणे आणि ओढे-नाले यांचे हिशेब स्वतंत्र, त्यामुळे कुंपणाची तूट कुरण वाढवून भागत नाही. भिंतीत पाकोळी पक्ष्यांच्या घरट्यांसाठी पोकळ विटा बसवल्या तरी या हिशेबात त्यांचा एक गुणही मिळत नाही. प्राचीन वनांसारखे न भरून येणारे अधिवास दहा टक्क्यांच्या गणिताबाहेर ठेवले आहेत, हे बरेच झाले.

विकासकाने आधी स्वतःच्या जागेवर वाढ साधायची, नाहीतर दुसऱ्या जमीनमालकाने नोंदवलेल्या जागेतली एकके विकत घ्यायची. दोन्ही अशक्य ठरले तरच सरकारी श्रेयांक, म्हणजे एककांऐवजी सरकारकडून विकत घ्यायची भरपाई. ते मुद्दाम महाग ठेवले आहेत: सर्वांत स्वस्त श्रेयांक ४२,००० पौंडांचा, आणि एका एककाच्या तुटीला दोन घ्यावे लागतात. अर्जाआधी जमीन साफ करून मूळ आकडा खाली आणण्याची पळवाटही बुजवली आहे. ३० जानेवारी २०२० नंतर विनापरवाना असे केले असल्यास आधीची स्थितीच धरतात. घराला खोली वाढवण्यासारख्या घरगुती कामांना मात्र सूट आहे.

महाराष्ट्राशी तुलना करण्याजोगी आहे. शहरी भागातील वृक्षतोडीच्या १९७५ च्या अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. पण हा हिशेब झाडांचा. झाडे नसलेला गवताळ माळ त्यात शून्यच, मग तो कितीही जिवंत असो.

इंग्लंडच्या पद्धतीची खरी कसोटी देखरेखीत आहे. बाहेरची एकके आणि जागेवरची लक्षणीय वाढ किमान ३० वर्षे टिकवण्याचे बंधन करारान्वये असते, पण घरे विकून विकासक मोकळा होतो आणि कुरणाची स्थिती तपासायची ती स्थानिक नियोजन प्राधिकरणांनी. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ च्या अहवालात नेमकी त्यांच्या क्षमतेविषयीच शंका उपस्थित केली.