दोन सुतात एक फूट

आमचं गावाकडचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर मागच्या उन्हाळ्यात पाडलं. यवतमाळ जिल्ह्यातलं साधंसुधं घर, ३६ फूट लांब, २४ फूट रुंद, पुढे ओसरी, मागे सांदवाडी म्हणजे परसदार, बाजूला बैलांचा कोठा. पाडायच्या आधी मी टेप घेऊन सगळं मोजून ठेवलं होतं, कारण डोक्यात एकच किडा वळवळत होता की याचं छोटं मॉडेल करायचं, बाहुलीघर म्हणा पाहिजे तर.

बाहुलीघरवाल्यांचं नेहमीचं माप १:१२. खऱ्या घरातला एक फूट म्हणजे मॉडेलमधला एक इंच. हिशोब सोपा म्हणून मीही तेच धरलं, प्लायवूड आणलं, आणि आखायला बसल्यावर कळलं की घर तीन फूट बाय दोन फूट होतंय. ठेवायचं कुठं? दिवाणावर ठेवून पाहिलं तर बायको म्हणे, आता इथं झोपणार कोण, तुम्ही का हे घर? मग निम्मं, म्हणजे १:२४ करून पाहिलं, तिथंही मन भरेना आणि शेवटी १:४८ वर आलो. आता अख्खं घर नऊ इंच बाय सहा इंच, कपाटावर आरामात बसतं.

आमच्या गावचे सुतारकाका, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करणारे, अजूनही सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या जरासं वर. १:४८ मध्ये बरोब्बर दोन सुतात एक फूट बसतो. काकांनी आराखडा पाहिला आणि म्हणाले, "सर, दोन सुतात फूट बसवता, मंग खिया कुठं ठोकसान?"

प्रश्न मस्करीत होता पण खरी गोम तीच आहे. खिळा ठोकायचाच नसतो. मी तोवर समजत होतो की छोटं माप म्हणजे तेच काम, फक्त बारीक. तसं नाही ना. माप एका हद्दीखाली गेलं की वस्तूंचा स्वभावच बदलतो.

गॅलिलिओनं १६३८ सालच्या पुस्तकात हे सांगून ठेवलंय. लांबी ४८ पट कमी केली की क्षेत्रफळ २,३०४ पट कमी होतं, आणि आकारमान, म्हणजे पर्यायानं वजन, १,१०,५९२ पट. सगळं एका प्रमाणात घटत नाही, वजन फार जास्त वेगानं पळून जातं. आणि हवा पकडते ती क्षेत्रफळाला. हे मला पुस्तकातून नाही, कूलरनं शिकवलं. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, कूलर फुल्लवर, मी चिमट्यात दार पकडलेलं, पाऊण इंच रुंद, दीड इंच उंच, व्हिजिटिंग कार्डाचं. चिमटा सैल पडला अन् दार गेलं. दोन दिवसांनी दिवाणाखाली सापडलं. १:१२ चं प्लायचं दार त्याच कूलरसमोर ढिम्म हललं नव्हतं. पण याचा फायदाही आहेच, तेच १:४८ चं घर एकदा नातीच्या हातून टेबलावरून पडलं तर एक कोपरा चेपला, बस. मुंगी झाडावरून पडून उठून चालायला लागते आणि बैल आडात पडला की संपला, यामागचं गणितही हेच.

कपड्यांची तर फजितीच. सांदवाडीतल्या दोरीवर आजीचं लुगडं वाळत घालायचं होतं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, आपल्या मापात १७ सेंटीमीटर, म्हणून खऱ्याच जुन्या लुगड्याची पट्टी कापली. ती दोरीवर लोंबायलाच तयार नाही, पापडासारखी ताठ. कापडाला खाली ओढणारं वजन उरलं नाही पण धाग्याचा ताठरपणा तेवढाच राहिला. वर जाडी ०.२ मिलिमीटर म्हणजे ४८ पटीत जवळपास एक सेंटीमीटर, ते लुगडं नव्हतंच, गोधडी होती. शेवटी टिश्यू पेपरचा एक पापुद्रा वेगळा केला, पातळ फेविकॉलच्या पाण्यात बुडवला, ओला असतानाच सुईनं चुण्या पाडल्या. आता कोणीही म्हणेल सुती लुगडं आहे. खऱ्या सागाचंही तसंच झालं, त्याची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात, त्यामुळे मयाल, म्हणजे छपराची तुळई, लाकडाची न वाटता नाल्या पडलेल्या शेताच्या धुऱ्यासारखी वाटायला लागली. आइस्क्रीमची काडी बरी, तिचा पोत बारीक.

आणि पाणी! इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यात क्वीन मेरीचं बाहुलीघर आहे, १९२१ ते १९२४ मध्ये केलेलं, आर्किटेक्ट एडविन लटियन्स, आपल्या राष्ट्रपती भवनाचेच. त्याच्या नळांना खरं पाणी येतं, लाइट लागतात, लिफ्टसुद्धा आहे. पण ते १:१२. माझ्या रांजणाचं तोंड आठ मिलिमीटर, त्यात ड्रॉपरनं एक थेंब सोडला तर तो थेंबच त्या जगात वीतभर मोठा, कलिंगडासारखा फुगून बसला. पाण्याचा पृष्ठताण काही आपल्यासाठी ४८ पट कमी होत नाही. दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास त्याचंच राज्य चालतं, गुरुत्वाकर्षणाला कोणी विचारत नाही. रांजणात आता पारदर्शक नेलपॉलिश आहे.

म्हणजे खरी वस्तू चालत नाही, खोटी जास्त खरी दिसते. हीच मला या मापाची सगळ्यात मोठी गंमत वाटते, आणि इथं मदतीला येतो आपला डोळा, किंवा त्याची कमजोरी म्हणा. चांगल्या नजरेला फूटभर अंतरावरून साधारण ०.०९ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. आता हिशोब लावा. १:१२ मध्ये खऱ्या घरातली एक मिलिमीटरची गोष्टसुद्धा दिसते, म्हणजे ती करावी लागते. १:४८ मध्ये चार मिलिमीटरच्या खालचं सगळं माफ. १:१४४ मध्ये, जे बाहुलीघरातलं बाहुलीघर, बाराचं बारावं, तिथं सव्वा सेंटीमीटरपर्यंत सगळं माफ. खिळ्याची टोपी, दोरीचे पीळ, बाजेच्या सुंभाचे धागे, काही करायचं नाही, नुसता इशारा द्यायचा, बाकीचं बघणाऱ्याचा मेंदू भरून घेतो. माझ्या १:४८ मध्ये धण्याचा दाणा ठेवला की साडेसात इंचाचं मडकं होतं, राजगिऱ्याचं लिंबू. स्वयंपाकघरातले डबे मी आजकाल वेगळ्याच नजरेनं उघडतो.

मात्र एक गोष्ट लहान होत नाही, ती म्हणजे संख्या. छपरावर तीन हजार कवेलू असतील तर ते कुठल्याही मापात तीन हजारच. १:१२ मध्ये एकेक मातीचं वळून भाजता येईल, आयुष्य असेल तर. १:४८ मध्ये पुठ्ठ्याचं खोकं भिजवून वरचा कागद सोलायचा, आतल्या नळ्या म्हणजे कवेलूच्या ओळी. पहिल्यांदा मोठ्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्याची नळी सहा मिलिमीटरच्या वर, म्हणजे फूटभर रुंद कवेलू, छप्पर एकदम गोदामासारखं. मग पातळ खोकं मिळालं, नळी तीन मिलिमीटर, म्हणजे पावणेसहा इंच. जमलं.

अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातल्या अल्टन डी लाँग यांनी १९८१ मध्ये सायन्स नियतकालिकात एक मजेशीर प्रयोग छापला होता. लोकांना वेगवेगळ्या मापाच्या छोट्या खोल्या दाखवल्या, आपण त्यात वावरतोय अशी कल्पना करा आणि अर्धा तास झाला वाटलं की सांगा. १:१२ च्या खोलीत लोकांचा अर्धा तास घड्याळाच्या अडीच मिनिटांच्या आसपास भरला, म्हणजे वेळही बारा पट आखडली. माझं नेमकं उलटं होतं, पाच मिनिटं बसतो म्हणून बसतो आणि बायको जेवायला तिसऱ्यांदा हाक मारते.

घर झाल्यावर आईला दाखवलं. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तिनं घर तोंडाजवळ धरलं, ओसरीवर बोट नेलं आणि म्हणाली, "हे तुह्या आबाची बाज. पायाकडची सुंभ ढिली झाली हाये, कसावं लागते." मी केली होती फक्त मच्छरदाणीच्या जाळीची एक चौकट. मग बोट आत गेलं, चुलीशेजारच्या भिंतीवर थांबलं. "दिवळी कुठं गेली रे इथली?"

दिवळी, म्हणजे भिंतीतला दिव्याचा कोनाडा, मी मोजलीच नव्हती. आता भिंतीला ब्लेडनं दोन सुतांची खाच पाडायची आहे. घरात लावायला आणलेला सगळ्यात छोटा एलईडी १.६ मिलिमीटरचा होता, ४८ पटीत पावणेआठ सेंटीमीटर, बल्ब म्हणून जास्तच मोठा दिसत होता म्हणून बाजूला ठेवला होता. पणती तेवढीच असते.