वजन घटल्यानंतरची सैल त्वचा

बरेच वजन उतरल्यावर पोट, दंड, मांड्या, छाती, पाठ किंवा हनुवटीखालची कातडी पूर्वीच्या मापाचीच राहून लोंबते, तिच्या घड्या पडतात. तिला सैल त्वचा म्हणतात. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर किंवा आतड्यावर केलेली शस्त्रक्रिया, झालेल्या बहुतेक रुग्णांना ती कमी-अधिक प्रमाणात येते. आहार व व्यायामाने मोठे वजन उतरवणाऱ्यांना, तसेच बाळंतपणानंतरही ती दिसते. आणखी बारीक झालो तर ती आवळून येईल का, हा यातला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. लोंबणाऱ्या भागात निव्वळ कातडी किती आणि तिच्याखाली उरलेली चरबी किती, यावर त्याचे उत्तर ठरते.

कातडी परत का येत नाही

त्वचेच्या मधल्या थराला आंतरत्वचा म्हणतात. तिच्या कोरड्या वजनाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. कोलॅजेनमुळे कातडीला बळकटी येते. ताण सुटल्यावर कातडी पूर्वपदावर येते ती इलास्टिन या दुसऱ्या, लवचीक प्रथिनामुळे, आणि ते मात्र अगदी थोडे असते. शरीर इलास्टिन मुख्यतः गर्भावस्थेत आणि बालपणी तयार करते. मोठेपणी ते फारसे नव्याने बनत नाही. वर्षानुवर्षांच्या ताणाने हे तंतू तुटले की त्यांची जागा भरून निघत नाही. मोठे वजन उतरलेल्यांच्या काढलेल्या कातडीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली असता इलास्टिनचे तंतू विरळ व तुटलेले आणि कोलॅजेनची मांडणी विस्कटलेली आढळते. अंगावरचे स्ट्रेच मार्क ही याच मोडतोडीची बाहेरून दिसणारी खूण होय.

दुसरे कारण सहसा सांगितले जात नाही. वजन हळूहळू वाढत जाते तेव्हा कातडी नुसती ताणली जात नाही, ती खरोखर वाढते. नव्या पेशी तयार होऊन तिचे क्षेत्रफळच मोठे होते. प्लास्टिक सर्जरीत या गुणाचा मुद्दाम उपयोग केला जातो. अमेरिकेतील शल्यविशारद चार्ल्स न्यूमन यांनी १९५७ साली एका रुग्णाचा तुटलेला कान पुन्हा घडवण्यासाठी जवळच्या कातडीखाली रबरी फुगा बसवला, तो थोडा थोडा फुगवत नेला आणि अशा रीतीने जास्तीची कातडी मिळवली. आज भाजलेले व्रण झाकण्यासाठी आणि स्तनाच्या पुनर्रचनेसाठी हीच पद्धत वापरतात. दहा-वीस वर्षांच्या स्थूलपणात पोटावर हेच घडलेले असते. वाढलेली कातडी जिवंत, निरोगी ऊती आहे. खालची चरबी गेली म्हणून ती विरघळून जाण्याचे कारण नसते.

कोणाची कातडी किती आवळेल हे वय, उतरलेले वजन, स्थूलपणात गेलेली वर्षे, आनुवंशिकता, बाळंतपणे, ऊन आणि तंबाखू यांवर अवलंबून असते. पंचविशीत १५ किलो उतरवणाऱ्याला बहुधा काहीच जाणवत नाही. पन्नाशीत ५० किलो उतरवणाऱ्याला कातडी सुटल्याशिवाय राहत नाही. रजोनिवृत्तीनंतर पहिल्या काही वर्षांत स्त्रियांच्या त्वचेतले कोलॅजेन झपाट्याने घटते, त्यामुळे त्या वयात वजन उतरवणाऱ्या स्त्रीला दंड आणि मान यांवर फरक अधिक दिसतो. वजन सावकाश उतरवले तर कातडी मुळीच सुटत नाही असे जिथे तिथे ऐकू येते, पण त्याला भक्कम पुरावा नाही. सावकाश उतरवण्याचा फायदा वेगळा आहे: त्यात स्नायू कमी झडतात.

कातडी की चरबी?

वजन पुष्कळ उतरलेले असते, काट्यावरचा आकडा सुखावतो आणि तरी नाभीखाली मऊ, लोंबती घडी राहते. ती पाहून बहुतेक जण ‘ही आता कातडीच’ असा निष्कर्ष काढतात. मध्यम प्रमाणात वजन उतरवलेल्यांच्या बाबतीत हा निष्कर्ष बरेचदा चुकीचा असतो, आणि तो तपासून पाहणे अवघड नाही. हाताच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरली तर हातात कातडीचे दोन पदर आणि जवळजवळ शून्य चरबी येते. घडीची जाडी काही मिलिमीटरच भरते. पोटाची कातडी हातापेक्षा जाड असली तरी तिचे दोन पदर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासच भरतात. सरळ उभे राहून नाभीखालची घडी अंगठा आणि तर्जनीत धरावी. ती दोन-तीन सेंटिमीटर जाड लागली तर त्यातला मोठा भाग चरबीचा आहे. ती पातळ आणि सुरकुतलेली लागली, तलम कापडासारखी बोटांत गोळा झाली, तर ती कातडी. जिममध्ये वापरतात त्या चिमट्याने, म्हणजे कॅलिपरने, हेच माप मिलिमीटरमध्ये घेता येते. बसल्यावर किंवा वाकल्यावर पडणारी घडी मात्र जमेस धरू नये. सडसडीत माणसाच्या पोटावरही बसल्यावर वळ्या पडतात.

उरलेली चरबी कातडीसारखी भासते, कारण तिचा पोतच बदललेला असतो. वजन उतरल्याने चरबीच्या पेशी मरत नाहीत, रित्या होतात. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील कर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले की प्रौढपणी चरबीच्या पेशींची संख्या जवळपास स्थिर राहते आणि बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनीही ती घटलेली नसते. घटतो तो पेशींचा आकार. अर्धवट रिकाम्या पेशींचा हा थर घट्ट राहत नाही, लुसलुशीत होतो आणि स्वतःच्या वजनाने कातडीला खाली ओढतो. त्यातून पुरुषांत ओटीपोट आणि कमरेच्या बाजू, तर स्त्रियांत मांड्या व नितंब येथली चरबी सर्वांत शेवटी हलते. साहजिकच अखेरच्या टप्प्यात सगळी लोंबती घडी याच जागी उरते.

समजा, एक पुरुष ११० किलोंवरून ८० वर आला आणि त्याच्या शरीरात अजून २८ टक्के चरबी आहे. म्हणजे साडेबावीस किलो चरबी आणि साडेसत्तावन्न किलो इतर. ते इतर तसेच राखून त्याने चरबीचे प्रमाण १५ टक्क्यांवर आणले तर त्याचे वजन ६८ किलोंच्या आसपास येईल, म्हणजे जवळपास १२ किलो चरबी अजून जायची आहे. त्यातली बरीच त्या घडीतून जाईल. अशा माणसाला आत्ताच शस्त्रक्रियेचा खर्च सांगणे घाईचे आहे.

काट्यावरचा आकडा किती फसवा असतो याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे शेजारीशेजारी छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस बीएमआयच्या तक्त्यात ‘योग्य’ रकान्यात बसला तरी त्याच्या कातडीखाली आणि पोटात बरीच चरबी असू शकते. म्हणून वजन ‘नॉर्मल’ झाले, तेव्हा उरली ती कातडीच, हा तर्क आपल्याकडे विशेष लंगडा पडतो.

बारीक होण्याची मर्यादा

तरीही बारीक होणे हा सर्वांवरचा इलाज नाही. सौदी अरेबियातील खालिद बिन मोहसेन शारी यांचे वजन २०१३ साली ६१० किलो होते. उपचारांनंतर त्यांचे पाचशे किलोंहून अधिक वजन उतरले आणि जास्तीची कातडी काढण्यासाठी अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. हे टोकाचे उदाहरण झाले, पण ४०-५० किलो उतरवलेल्या कोणाच्याही पोटावर खरोखरची जादा कातडी असते, आणि तिच्याखालची चरबी जितकी कमी होते तितकी ती अधिक सुरकुतलेली दिसते. चेहऱ्यावर तर उलटेच घडते: गालाखालची चरबी गेली की गाल बसतात, डोळ्यांखाली खड्डे पडतात, वय वाढल्यासारखे वाटते. भारतात २०२५ साली मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शने आल्यापासून ही तक्रार आणखी ऐकू येते. यांपैकी वेगोव्हीतील सेमाग्लुटाइड या औषधाने मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले होते.

कातडी ताठ व्हावी म्हणून उपाशी राहून शेवटचा थेंबभर चरबी काढण्याचा प्रयत्न तर धोक्याचा आहे. शरीराला काही चरबी लागतेच. पुरुषांत ती सुमारे ३ टक्के आणि स्त्रियांत १२ टक्क्यांच्या आसपास धरतात, आणि त्या पातळीजवळ दीर्घकाळ राहणे आरोग्याचे नाही. स्त्रियांची पाळी थांबते, हाडे विरळ होतात. प्रथिने कमी पडली तर आधी स्नायू जातात आणि कातडीला आतून भरणारा आधारच नाहीसा होतो. जो डाळ-भात सोडून काकडी-टोमॅटोवर राहतो त्याचे दंड अधिक लोंबतात ते यामुळे.

त्याऐवजी वजने उचलण्याचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांचा उपयोग होतो. दंड, मांड्या, नितंब आणि छाती येथे स्नायू वाढले की सैल कातडी काही अंशी भरून निघते. जपानमध्ये मध्यमवयीन स्त्रियांवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ आठवड्यांच्या व्यायामाने त्वचेची लवचीकता सुधारली आणि वजने उचलणाऱ्या गटात आंतरत्वचेची जाडीही वाढली. पोटाला हा लाभ फार थोडा मिळतो. तिथले स्नायू चपटे असतात. बाळंतपणानंतर पोटाचे दोन उभे स्नायू मध्ये फाकलेले असतील तर पोट पुढे येते ते त्यामुळे, आणि ते कातडीचे दुखणे नव्हेच. कातडीची आपली गती संथ असते. वजन स्थिर झाल्यावर वर्ष-दीड वर्ष ती थोडी थोडी आवळत राहते, म्हणून तोवर थांबावे असे शल्यविशारद सांगतात.

रोजचा त्रास

सैल त्वचेचा प्रश्न आरशापुरता धरणे अन्यायाचे आहे. घडीत घाम साचतो, कातडी कातडीला घासते, लाल चट्टे उठतात, वास येतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात, जेव्हा कपडेच धड वाळत नाहीत, तेव्हा पोटाखाली आणि जांघेत नायटा होणे ठरलेले. परकराची नाडी नेमकी घडीत रुतते आणि तिथे काळा पट्टा पडतो. त्यावर औषधाच्या दुकानातून आणलेले, स्टिरॉइड मिसळलेले मलम चोळले की दोन दिवस खाज थांबते आणि मग बुरशी पसरते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञ या मलमांविरुद्ध अनेक वर्षे सांगत आले आहेत. घडी कोरडी ठेवणे, आंघोळीनंतर टिपून घेणे, मध्ये मऊ सुती कापड ठेवणे, नाडीऐवजी रुंद पट्टा वापरणे, हे साधे उपाय जास्त कामाचे.

कातडी आवळण्याची मलमे, तेलाचे मालीश, पोटाला गुंडाळायचे पट्टे यांनी जादा कातडी जात नाही. कोलॅजेनची पावडर पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखीच पचते. काही लहान चाचण्यांत त्वचेचा ओलावा सुधारल्याचे दिसले, पण त्यांपैकी अनेकींना उत्पादकांचे अर्थसाहाय्य होते आणि लोंबती घडी त्याने आवळल्याचा पुरावा नाही. रेडिओफ्रीक्वेन्सी व अल्ट्रासाउंडच्या यंत्रांनी थोडीफार सैल कातडी किंचित ताठ होते. मोठ्या घडीला त्यांचा उपयोग नाही.

शस्त्रक्रिया

खऱ्या जादा कातडीवर शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपाय आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील हॉवर्ड केली यांनी १८९९ साली पोटाची लोंबती घडी काढल्याची नोंद केली; आधुनिक शस्त्रक्रियांचा आरंभ तिथून मानतात. पॅनिक्युलेक्टॉमीत फक्त लोंबता भाग कापतात, तर अॅब्डॉमिनोप्लास्टीत स्नायूही शिवून घट्ट करतात व नाभी नव्या जागी बसवतात. दंड, मांड्या आणि कमरेभोवतीच्या पूर्ण घेराच्या वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. कुठे किती कातडी सुटली आहे हे ठरवण्यासाठी पिट्सबर्ग विद्यापीठातील शल्यविशारदांनी तयार केलेली, शरीराच्या १० भागांना ० ते ३ गुण देणारी श्रेणी वापरतात.

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने जाऊ द्यावेत आणि वजन किमान ३ ते ६ महिने स्थिर असावे, असा संकेत आहे. खाली चरबी कमी असेल तर निकाल चांगला येतो आणि जखमेच्या तक्रारी कमी होतात; आधी बारीक होण्याचा निर्विवाद फायदा इथे मिळतो. शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातले लोह, प्रथिने आणि बी-१२ तपासतात. तंबाखू पूर्ण बंद करावी लागते, आणि त्यात सिगारेटइतकीच मशेरी व चुना-तंबाखूही येते, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावून जखमेच्या कडा काळ्या पडतात. हे सांगायला अनेक स्त्रिया संकोचतात, म्हणून डॉक्टरांनी ते नाव घेऊन विचारायला हवे. जखमेत पाणी साचणे, टाके उसवणे आणि पायाच्या शिरेत गुठळी होणे हे प्रमुख धोके. लांब व्रण कायमचा राहतो, आणि सावळ्या कातडीवर तो जाड किंवा गडद होण्याची शक्यता अधिक असते.

भारतातील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांनुसार कॉस्मेटिक शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा आरोग्याला थेट व तातडीचा धोका असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले असेल तरच अपवाद होतो. त्यामुळे घडीत वारंवार जखमा होणाऱ्या रुग्णाने प्रत्येक वेळी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून, छायाचित्रांसह त्याची लेखी नोंद ठेवलेली बरी. दावा मांडताना हीच कागदपत्रे कामी येतात.