बेघर आणि भिक्षेकरी: मदतीला जाण्यापूर्वी

थंडीत ब्लँकेट वाटायला किंवा रात्री खिचडी घेऊन पहिल्यांदाच निघालेल्या स्वयंसेवकांपैकी बहुतेकांनी फुटपाथवर झोपलेला माणूस भीक मागूनच पोट भरत असणार, असे मनाशी धरलेले असते. मुंबईत ही समजूत फार काळ टिकत नाही. पुलाखाली पथारी पसरणाऱ्यांत सकाळी नाक्यावर उभे राहणारे बिगारी असतात, हातगाडी ओढणारे आणि बाजारातले हमाल असतात, लग्नसराईत केटरिंगला जाणारे वाढपी असतात, कचरा वेचणाऱ्या बायका असतात आणि सिग्नलवर गजरे विकणारी पारधी कुटुंबेही असतात. उलट दिवसभर देवळापाशी हात पसरणारी एखादी म्हातारी संध्याकाळी आपल्या झोपडीत परत जाते.

बेघर असणे हा निवाऱ्याचा प्रश्न आहे आणि भीक मागणे हा उपजीविकेचा. २०११च्या जनगणनेने फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, ह्यूम पाइपमध्ये, रेल्वे फलाटावर किंवा देवळाच्या उघड्या आवारात राहणाऱ्यांना बेघर मानले आणि त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री केली. देशात असे सुमारे १७.७ लाख लोक आढळले, त्यांतले सुमारे २.१ लाख महाराष्ट्रात. बेघर कोणाला म्हणायचे हे ठरवताना तो पोट कसे भरतो, याचा कुठेच संबंध आला नाही.

कायद्याने मात्र या दोन गोष्टींची सरमिसळ केली आहे आणि तिचे परिणाम स्वयंसेवकांच्या गल्लतीपेक्षा कितीतरी गंभीर आहेत. १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत हात पसरणाऱ्याबरोबरच गाणारा, नाचणारा, भविष्य सांगणारा आणि वस्तू विकायला पुढे करणाराही येतो. इतकेच नव्हे, तर उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भीकच मागत असावा अशा अवस्थेत वावरणाराही येतो. मळक्या कपड्यांतला, रात्रपाळी करून दुपारी फुटपाथवर झोपलेला मजूर या शेवटच्या कलमात सहज अडकू शकतो. पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली याच कायद्यातील अनेक कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात कायदा कायम आहे.

मदतीच्या दृष्टीने पाहिले तर भीक मागणाऱ्याला उपचार, निराधार पेन्शन किंवा झेपेल असे काम लागते. रोज मजुरीवर जाणाऱ्या बेघराची अडचण निराळी असते. सकाळी दुकानांची शटर उघडायच्या आत पथारी गुंडाळावी लागते, मग ते बोचके ठेवायचे कुठे? झाडाच्या फांदीवर टांगले किंवा रेलिंगला बांधले, तर महापालिकेची गाडी ते उचलून नेते आणि त्यातच आधार कार्ड असते. अशा माणसाला तिसरे ब्लँकेट देण्यापेक्षा कागदपत्रे सुरक्षित ठेवण्याची सोय करून देणे, माझ्या मते, कितीतरी उपयोगाचे. मतदार नोंदणीसाठी बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. अर्जात दिलेल्या जागी तो खरोखर झोपतो का, हे निवडणूक कर्मचाऱ्याने रात्री येऊन पाहायचे असते. स्वयंसेवकांपैकी फार थोड्यांना हा नियम ठाऊक असतो.

निवारा केंद्रांचेही असेच आहे. शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचे, चोवीस तास उघडे असणारे एक केंद्र असावे, असा दंडक आहे. २०११च्या लोकसंख्येनुसार मुंबईत अशी सव्वाशेच्या आसपास केंद्रे हवीत. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या जवळपासही नाही. शिवाय स्त्री-पुरुषांची केंद्रे बहुधा वेगळी असल्याने नवरा, बायको आणि मुले यांना एकत्र राहता येत नाही, आणि केंद्र कामाच्या नाक्यापासून लांब असेल तर दिवसाचा रोज बुडतो. तेव्हा केंद्राचा पत्ता देऊनही एखादे कुटुंब फुटपाथ सोडत नसेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी त्याचे काम कुठे आहे आणि सोबत कोण कोण आहे, एवढे तरी विचारून घ्यावे.