जायकवाडी जलाशयावरील काठाची गळमासेमारी

होडी न वापरता जलाशयाच्या काठावरून काठी, दोरा आणि गळ यांच्या साह्याने मासे धरणे म्हणजे काठाची गळमासेमारी. मराठवाड्यात ती पैठणजवळील जायकवाडी प्रकल्पाच्या नाथसागर जलाशयावर चालते. थंड प्रदेशांतील जलाशयांवर हाच छंद ट्राउटसाठी प्रसिद्ध असला, तरी त्या माशाला थंड, भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते. चाळिशी ओलांडणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात तो तगणे शक्य नाही. येथे गळाला लागतात ते रोहू, कटला, मृगळ, मरळ, शिंगाळा आणि न बोलावता येणारी तिलापिया.

गोदावरीवरील या मातीच्या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणाची लांबी सुमारे १० किमी, दरवाजे २७ आणि एकूण साठवण क्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. परंतु मासे धरणाऱ्याच्या दृष्टीने या आकड्यांपेक्षा जलाशयाचा उथळपणा महत्त्वाचा ठरतो. पाणी ताटासारखे पसरलेले असल्याने पातळी थोडी जरी उतरली तरी काठ दूरवर सरकतो आणि काल बसलेली जागा आज कोरडी पडते. त्यामुळे वर्तमानपत्रात रोज छापून येणारी धरणाची टक्केवारी शेतकऱ्याइतकीच गळवाल्यालाही वाचावी लागते. मागे राहिलेली काळी माती वरून भेगाळलेली दिसते, पण पाण्यालगत पाय घोट्यापर्यंत रुततो; शिवाय बाभळीची खोडे आणि बुडालेल्या गावांचे दगड गळ अडकवतात ते वेगळेच.

साधने साधी असतात : वेळूची किंवा फायबरची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिशाचा तुकडा आणि तरंगण्यासाठी भेंड. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो, म्हणून भेंडापासून गळापर्यंतचे अंतर माशागणिक बदलावे लागते. या तिघांसाठी कणीक व शेंगदाण्याची पेंड मळून आमिष करतात. ते पाण्यात लवकर विरघळू नये म्हणून त्यात कापसाचे तंतू मिसळतात. शिंगाळ्याला गांडूळ, मरळीला जिवंत लहान मासा लावतात. तिलापिया आमिष कुरतडते तेव्हा भेंड नुसते थरथरते आणि नवखा माणूस तेव्हाच हिसका देऊन मोकळा होतो. मोठा रोहू लागला की भेंड तिरपे होऊन सरळ पाण्याखाली जाते, हिसका तेव्हा द्यायचा असतो. सकाळी वारा पडलेला असताना हा फरक ओळखता येतो. दुपारी लाटा उठल्या की भेंडाकडे पाहत बसण्यात फारसा अर्थ उरत नाही.

राज्यातील जलाशयांवर मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. त्यामुळे परवानगीचा प्रश्न हौशी माणसाने आधीच सोडवलेला बरा.

उन्हाळ्यात पाणी हटलेल्या गाळपेर जमिनीवर काठची माणसे पिके घेतात. पुढे गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक भागात पाऊस झाला, की पैठणला थेंब पडलेला नसतानाही पाणी या धसकटांवर पुन्हा चढते आणि त्यामागोमाग चरायला मासे येतात. तेव्हा गळ दूर फेकायची गरज उरत नाही, गुडघाभर पाण्यातही तो पुरतो.