ड्रोनच्या पोटाखालचा दिवा कोणासाठी?

"खाली टॉर्च दिलाय की, मग रात्री शूटिंग करायला काय हरकत आहे?" नवा ड्रोन घेतलेल्या माणसाकडून हा प्रश्न हमखास येतो. मग तो ड्रोन शंभर मीटर वर नेतो, ॲपमध्ये दिवा चालू करतो आणि पडद्यावर काळोखच दिसतो. दिवा कमजोर आहे, कंपनीने फसवलं, असा निकाल लागतो. दिवा कमजोर आहे हे खरंच. पण तो तुमच्या कॅमेऱ्यासाठी नाहीच. तो ड्रोनच्या स्वतःच्या डोळ्यांसाठी आहे, आणि ते डोळे त्याच्या पोटाखाली, दिव्याच्या शेजारीच असतात.

हवेत एका जागी ठाम उभा राहिलेला ड्रोन पाहिला की त्याचं सगळं श्रेय जीपीएसला दिलं जातं. प्रत्यक्षात साधं जीपीएस काही मीटरांनी चुकू शकतं. माविक 2 या ड्रोनच्या तपशिलात हा फरक सरळ आकड्यांत दिलेला आहे: जीपीएसच्या भरवशावर आडव्या दिशेत दीड मीटर इकडेतिकडे, आणि खालच्या कॅमेऱ्यांच्या मदतीने फक्त 0.3 मीटर. जमिनीजवळची ती अचूकता 'ऑप्टिकल फ्लो' नावाच्या पद्धतीतून येते, आणि सबंध ड्रोनमध्ये मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट तीच आहे.

खालचा कॅमेरा सेकंदाला कित्येक चित्रं टिपतो. संगणक लागोपाठची दोन चित्रं घेतो आणि पहिल्यातला ठिपका दुसऱ्यात कुठे सरकला ते शोधतो. हा ठिपका म्हणजे एखादा खडा, गवताची काडी, फरशीचा सांधा, काहीही. समजा ड्रोन दोन मीटरवर आहे आणि वाऱ्याने सेकंदाला 10 सेंटिमीटर वाहवतोय. म्हणजे खालची जमीन त्याच्या नजरेतून सेकंदाला सुमारे 3 अंश सरकते. सेकंदाला 30 चित्रं असतील तर दर चित्रामागे 0.1 अंश. कॅमेऱ्याचा 60 अंशांचा आवाका 320 पिक्सेलमध्ये मावत असेल, तर हे सरकणं भरतं जेमतेम अर्धा पिक्सेल! तेवढ्यावरून ड्रोनला कळतं की आपण घसरतोय, आणि तो उलट दिशेला कलतो.

पण इथे दोन अडचणी आहेत. कॅमेऱ्याला फक्त कोन कळतो, वेग नाही. सेकंदाला 3 अंश म्हणजे दोन मीटरवर 10 सेंटिमीटर, पण वीस मीटरवर एक मीटर. म्हणून उंची वेगळी मोजावी लागते. ते काम प्रकाशाचा किरण परत यायला किती वेळ लागला हे मोजणारा इन्फ्रारेड सेन्सर करतो, किंवा दोन कॅमेऱ्यांची जोडी. दुसरी अडचण अधिक खोडसाळ आहे. दोन मीटरवरचा ड्रोन वाऱ्याच्या झोताने जागच्या जागी 5 अंश कलला, तर खालचं चित्र अगदी तसंच सरकतं, जणू तो 17 सेंटिमीटर बाजूला गेला. म्हणून कलणं मोजणाऱ्या जायरोस्कोप या सेन्सरकडून कलण्याचा हिशेब घेऊन तो वजा करावा लागतो. उरतं ते खरं सरकणं.

या हिशेबाचं गणित 1981 साली दोन ठिकाणी मांडलं गेलं: अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात हॉर्न आणि शंक यांनी, तिथल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठात लुकास आणि कानाडे यांनी. मधमाश्या अर्थातच त्याच्या फार आधीपासून हेच करतात. ऑस्ट्रेलियात संशोधन केलेल्या मंड्यम श्रीनिवासन यांनी दाखवून दिलं की उतरताना मधमाशी जमीन सरकण्याचा कोनीय वेग कायम ठेवते. जमीन जवळ येईल तसा तिचा खरा वेग त्यामुळे आपोआप कमी होत जातो. उंची मोजायची गरजच नाही!

हॉर्न आणि शंक असोत वा लुकास आणि कानाडे, दोघांच्याही समीकरणांत एक गृहीतक आहे, आणि दिव्याची गोष्ट तिथून सुरू होते. ठिपका सरकला तरी त्याची चमक तेवढीच राहते, असं ते गृहीतक.

अंधारात ही चमक मुळात नीट मोजताच येत नाही. पिक्सेलवर सरासरी 10,000 फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पडत असतील तर त्यात वर्गमूळाएवढा, म्हणजे शंभराचा चढउतार असतो, एक टक्का. फोटॉन 100च असतील तर चढउतार दहाचा, म्हणजे दहा टक्के. मातीच्या दोन ढेकळांच्या चमकेत फरकच पाच टक्क्यांचा असेल, तर तो या गोंधळात बुडून जातो. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं तर सरकणारं चित्र फरफटतं. माविक 2च्या पुस्तिकेत त्यामुळे खाली किमान 15 लक्स उजेड हवा असं लिहिलेलं आहे. लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. म्हणजे कवींना पुरणारा उजेड ड्रोनला पुरत नाही, आणि उरलेला उजेड दिव्याने द्यायचा असतो.

तो किती उंचीपर्यंत देता येतो? समजा दिवा एक मीटरवर 60 लक्स देतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून दोन मीटरवर 15, पाच मीटरवर 2.4 आणि शंभर मीटरवर 0.006 लक्स. म्हणजे शंभर मीटरवरून तुमचा दिवा चांदण्याच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकाच उजेड जमिनीवर टाकतो. इथे कुणी हुशार वाचक विचारेल, जाताना वर्गाने घटला आणि परत येतानाही वर्गाने घटणार, मग चौथ्या घाताने का नाही? रडारमध्ये तसं होतं, कारण तिथे लक्ष्य ठिपक्याएवढं असतं. जमीन मात्र अख्खं चित्र व्यापते. वर जाल तसा एका पिक्सेलमध्ये जमिनीचा जास्त तुकडा येतो, आणि ही वाढ परतीच्या घटीला बरोबर खोडून काढते. उरते ती फक्त जातानाची घट. काही ड्रोन हा दिवा अंधारात आणि जमिनीपासून साधारण 5 मीटरांच्या आत आल्यावरच आपोआप लावतात, त्याचं कारण वरच्या आकड्यांत आहे.

आता या दिव्याची गंमत. तो ड्रोनलाच चिकटलेला आहे, त्यामुळे जमिनीवर पडलेलं उजेडाचं वर्तुळ ड्रोनबरोबर सरकतं आणि कॅमेऱ्याच्या चित्रात ते जागचं हलत नाही. खाली खडबडीत माती असेल तर काही बिघडत नाही, वर्तुळाच्या आत खडे सरकताना दिसतात. पण खाली गुळगुळीत पांढरी फरशी असेल तर? तिथे टिपण्याजोगं असं एकच काही उरतं, उजेडाचं वर्तुळ किंवा फरशीतलं दिव्याचं प्रतिबिंब, आणि ते तर जागेवरच आहे. ड्रोनचा समज होतो की आपणही जागेवरच आहोत, आणि तो शांतपणे भिंतीकडे सरकत राहतो. चकचकीत, एकरंगी किंवा पाण्याच्या पृष्ठभागावर सावध राहा, असं पुस्तिकांमध्ये लिहिलेलं असतं ते एवढ्यासाठी. अंधारात घराच्या आत ड्रोन उडवायचाच असेल तर दिव्याच्या भरवशावर राहू नका. खोलीतले दिवे लावा आणि खाली नक्षीची सतरंजी टाका. त्या नक्षीचा उपयोग कोणत्याही महागड्या सेन्सरपेक्षा कमी नाही.

आकाशातले दिवे आणि माणसाची कल्पनाशक्ती यांचं मात्र जुनं सख्य आहे. 2024च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीवर रात्री 'गूढ ड्रोन' फिरत असल्याची आवई उठली. परग्रहवासीयांपर्यंत मजल गेली. तपास यंत्रणांनी सांगितलं की दिसलेल्या गोष्टींत कायदेशीर ड्रोन होते, विमानं आणि हेलिकॉप्टरं होती, आणि लोकांनी ड्रोन समजून टिपलेले चक्क तारेही होते. व्हिडिओवर विश्वास ठेवण्याआधी त्या दिशेला त्या वेळी कोणता तारा किंवा ग्रह होता एवढं बघायला एक मिनिट लागतं. पोटाखालचा दिवा इतरांना ड्रोन दिसावा म्हणूनही नाही. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे रात्रीच्या उड्डाणासाठी तीन मैलांवरून, म्हणजे सुमारे 4.8 किलोमीटरवरून दिसणारा लुकलुकता दिवा लागतो. खाली तोंड केलेला हा दिवा त्यात बसत नाही.

राहिलं हा दिवा लावायचं बटण. दिवा सेटिंगच्या मेनूत तीन-चार पायऱ्या खाली दडलेला असतो आणि लागतो उतरताना, नेमकी नजर ड्रोनवर हवी तेव्हा. म्हणून कंट्रोलरवरच्या सी 1, सी 2 किंवा एफएन या बटणांना आपल्या पसंतीचं काम नेमून देण्याची सोय असते. न बघता बोटाला सापडणारं बटण ही क्षुल्लक गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-17 या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांऐवजी, चाकंच आत ओढत, कारण दोन्ही खटके शेजारी आणि सारखेच होते. आल्फोन्स शापानिस या मानसशास्त्रज्ञाने एकावर चाकाच्या आकाराची मूठ बसवली, दुसऱ्यावर पाचरीच्या.

माझं मत विचाराल तर एका बटणावर दिवा आणि दुसऱ्यावर गिम्बल, म्हणजे कॅमेरा तोलून धरणारी यंत्रणा, सरळ खाली वळवणं, एवढंच ठेवावं. अडथळे ओळखणारी यंत्रणा बंद करण्याची सोय बटणांच्या यादीत असली, तरी ती तिथे नेमू नये. घाईत बोट चुकलं तर दिवा लागल्याने काही मोडत नाही. एकाच बटणावर एकदा दाबलं की एक काम आणि दोनदा दाबलं की दुसरं, असं नेमलं असेल तर दिवा किंचित उशिरा लागतो. बटण खराब झालेलं नसतं. दुसरा दाब येतोय का, याची प्रोग्रामला क्षणभर वाट पाहावी लागते.

आणि दिवा बंद करायलाही तेच बटण लागतं. धुळीच्या जागी उतरताना पंख्यांचा झोत माती उडवतो. लेन्सजवळचे हे कण दिव्याने झगमगतात आणि त्यांचं भिरभिरणं खालच्या कॅमेऱ्याला जमीनच धावल्यासारखं दिसतं. अशा वेळी ड्रोन उगाच डोलू लागला तर दिवा घालवून, जीपीएस चांगलं मिळत असेल तर त्यावर, स्टिक हलक्या हाताने धरून खाली आणलेला बरा.