थिओटोकोस (देवमाता)

येशूची आई मरिया हिला ख्रिस्ती परंपरेत मिळालेली ग्रीक पदवी. ‘थिओस’ म्हणजे देव. ‘टोकोस’चा संबंध बाळंतपणाशी. ‘देवजननी’ हा शब्द मुळाच्या अधिक जवळचा, पण मराठीत ‘देवमाता’च रुळला. इ. स. ४३१ मध्ये इफिस (आजच्या तुर्कस्तानात) येथील धर्मपरिषदेने ही पदवी उचलून धरली. वाद खरे तर मरियेचा नव्हताच. तो येशू कोण, याचा होता.

नव्या करारात मरिया मोजक्याच जागी भेटते. पौलाच्या गलतीकरांस पत्रात येशू ‘स्त्रीपासून जन्मलेला’ एवढेच आहे, आईचे नाव नाही. लूकच्या शुभवर्तमानात मात्र ती देवदूताला प्रश्न विचारते, स्तोत्र गाते. योहान तिला काना गावच्या लग्नात आणि क्रुसाजवळ आणतो, पण नावाने एकदाही उल्लेखत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये ती माडीवर शिष्यांसोबत प्रार्थना करताना दिसते, आणि तिथून पुढे दिसत नाही. तिचे आईवडील म्हणून परिचित असलेले योआकीम आणि अन्ना बायबलात नाहीतच. ते दुसऱ्या शतकातल्या, याकोबाच्या नावावर चालणाऱ्या एका ग्रंथातून आले. त्याच शतकात इरेनियस या बिशपाने लिहिले की पहिली स्त्री हव्वा हिच्या आज्ञाभंगाने बसलेली गाठ मरियेच्या आज्ञापालनाने सुटली. पुढच्या मरियाविषयक चिंतनाचे बीज या एका वाक्यात आहे.

इ. स. ४२८ मध्ये नेस्टोरियस कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. तोवर ‘थिओटोकोस’ भाविकांच्या तोंडी बसला होता. माणसाच्या पोटी देव कसा जन्मेल, अशी त्याच्या गोटातली शंका. म्हणून ‘ख्रिस्टोटोकोस’, म्हणजे ख्रिस्तजननी, म्हणावे असे त्याने सुचवले. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला आपण देव म्हणणार नाही, असे तो बोलल्याची साक्ष परिषदेत नोंदली गेली. आलेक्सांद्रियाचा बिशप सिरिल याचे उत्तर असे: येशूमधला देव वेगळा आणि माणूस वेगळा असे दोघे नाहीत, तो एकच आहे, तेव्हा त्याची आई ती देवाची आई. देवत्वाचा उगम मरियेत आहे, असा याचा अर्थ नव्हे.

२२ जून ४३१ रोजी सिरिलने नेस्टोरियसला अनुकूल असलेल्या अंत्युखियाच्या बिशपांची वाट न पाहताच परिषद सुरू केली. जागा होती मरियेच्याच नावाचे चर्च. दिवसभर बैठक चालली, बाहेर लोक ताटकळत उभे. नेस्टोरियस पदच्युत झाल्याचे कळताच त्यांनी मशाली पेटवून बिशपांना मुक्कामी पोचवले. पुढे धूपपात्रे घेतलेल्या स्त्रिया होत्या. हे वर्णन खुद्द सिरिलच्या पत्रातले, म्हणजे विजेत्याचे आहे. काही दिवसांनी पोचलेल्या अंत्युखियाच्या मंडळींनी वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत केले! दोन्ही गटांचा समेट ४३३ साली झाला. ४५१ च्या कॅल्सेडन परिषदेने पदवी पुन्हा मान्य केली. इफिस ही अर्तमी (आर्टेमिस) या ग्रीक देवीची नगरी, म्हणून मरिया तिच्या जागी आली, असे हौसेने सांगितले जाते. परिषदेतला युक्तिवाद मात्र सारा ख्रिस्ताच्या स्वरूपाभोवती फिरतो.

पर्शियातील पूर्वेकडील चर्चने इफिसचा निर्णय स्वीकारला नाही. केरळच्या थोमा ख्रिस्ती समाजाचा संबंध याच चर्चशी होता. गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली, तेव्हा नेस्टोरियसचा धिक्कार झाला आणि या समाजाचे सिरियाक भाषेतले ग्रंथ दुरुस्त करण्याचे वा जाळण्याचे आदेश निघाले. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचे भांडण मलबारच्या प्रार्थनापुस्तकांवर येऊन आदळले.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स उपासनेत ही पदवी आजही आहे. जपमाळेतल्या ‘नमो मरिया’ प्रार्थनेचा उत्तरार्ध मरियेला देवाची आई म्हणूनच हाक मारतो. प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक ल्यूथर यानेही ही पदवी नाकारली नव्हती. पुढच्या प्रोटेस्टंट पंथांत तिचा वापर मागे पडला. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेकडील असिरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: ‘देवाची आई’ आणि ‘ख्रिस्ताची आई’ हे दोन्ही शब्द एकाच श्रद्धेचे, आणि दोन्ही ग्राह्य.