तडतड

तडतड : कोरडी, ताणलेली किंवा तापलेली वस्तू भराभर फुटताना होणारा आवाज. क्रियापद तडतडणे. खानदेशात (आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) मराठी आणि अहिराणी दोन्हींत रूढ. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत हा शब्द आहे. बोलण्यातला वापर त्याहून बराच जुना असावा.

व्युत्पत्तीबाबत दोन मते संभवतात. संस्कृत तड् (मारणे, ताडन, ताडयति) या धातूकडे बोट दाखवणारे मत तडाखा या शब्दाला चांगले लागू पडते. तडतडला मात्र ते तोकडे पडते, कारण फोडणीतल्या मोहरीवर बाहेरून कोणी आघात करत नाही. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि साल आतून फुटते. दुसरे मत शब्दाला निव्वळ ध्वनीचे अनुकरण मानते. अशा शब्दांची दखल पाणिनीनेच घेतली आहे. अव्यक्त (स्पष्ट अक्षरे नसलेल्या) ध्वनीच्या अनुकरणाला डाच् प्रत्यय सांगणारे त्याचे सूत्र (५.४.५७) असून त्यावरून पटपटाकरोति (पटपट असा आवाज करतो) हे द्विरुक्त रूप सिद्ध होते. मराठीतील पटपट, कडकड, गटगट याच घाटाचे. भाषाशास्त्रज्ञ मरे इमनो यांनी १९६९ मध्ये दाखवल्याप्रमाणे ही घडण आर्य व द्राविड अशा दोन्ही भाषाकुळांत आढळते, म्हणून एकाच संस्कृत धातूचा आग्रह धरणे अवघड जाते. अनुकरणाचे मत अधिक सयुक्तिक वाटते. तड् शी असलेल्या साम्याने अर्थाला पुढे बळ दिले असावे.

तडतड कोरड्याची, चरचर ओल्याची, हा भेद कानाला सहज कळतो. तेलात मोहरी तडतडते, त्यावर चिरलेला कांदा पडला की चरचरतो. भरताच्या वांग्यांखाली पेटवलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्या तडतडतात. वांग्याचा रस निखाऱ्यावर गळला तर मात्र चर्र होते. ताशा, पत्र्यावरचा पाऊस आणि फुटणाऱ्या लाह्या यांनाही तडतडच. उन्हाने कातडी ओढल्यासारखी होते तेव्हा अंग तडतडते; तिथे आवाज उरत नाही, ताण तेवढा राहतो. फटकळ, भराभर बोलण्यालाही हाच शब्द.

अहिराणीत वर्तमानकाळी क्रियापदाला स लागतो (करस, जास). त्याच वळणाने तडतडस.